आतोबांचं हिरवं तेल

देशाची चिंता आमच्या आतोबांइतक्या मनापासून वाहणारा दुसरा माणूस अख्ख्या लालबागेत नव्हता. खुद्द देशाला मात्र याची कधी कल्पना आली नाही. आत्याचे हे यजमान गिरणीत बॉयलरवर होते. संप सुरू झाला, बॉयलर थंडावला आणि आतोबांची सगळी आग डोक्यात गेली. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची गाडी लावली. आतोबांनी मात्र चण्यांच्या पुडीवर वाचलं की शेवाळापासून तेल निघतं, आणि परदेशातून येणारं तेल बंद पाडायचा विडाच उचलला.

चाळीच्या गच्चीवर पाच पिंपं आली. त्यांत पाणी, थोडं शेण आणि टाकीतून खरवडून आणलेलं शेवाळ. रोज सकाळी ते ढवळायचं आणि जिना उतरताना भेटेल त्याला सांगायचं, "वाढतंय!" जणू घरात पाळणाच हलला होता. आत्याच्या पापडांशेजारी शेवाळ वाळत पडे. एकदा वारा सुटला आणि त्या वर्षीचे पापड हिरवे निघाले. आतोबांनी ते एकट्याने, तक्रार न करता, दिवाळीपर्यंत खाल्ले. 'राष्ट्रीय शेवाळ तेल उद्योग' उभारावा म्हणून त्यांनी दिल्लीला अर्ज धाडला. उत्तर आलं, अर्ज मत्स्यपालन विभागाकडे पाठवला आहे. "म्हणजे वाचला तरी!" म्हणत त्यांनी चाळभर पेढे वाटले.

वर्षभराने तेल निघालं. वाळलेलं शेवाळ भिजवून, उकळून, गाळून पुरता एक चमचा!

"अहो, चमचाभर तेलासाठी डबाभर रॉकेल जाळलंत!" शेजारचे मास्तर म्हणाले.

"उद्योगाला आधी आपल्याला द्यावं लागतं, मास्तर."

तेवढ्यात आत्या रिकामा डबा घेऊन गच्चीवर आली. रेशनचं रॉकेल होतं ते, महिनाभराचं. "आता भात कशार शिजवू?" तिने विचारलं. आतोबा खाली मान घालून चमच्याकडे बघत बसले. आत्या खाली गेली. आता माहेरी जाते की काय, असं आम्हाला वाटलं. पण ती पणती घेऊन वर आली. लुगड्याच्या चिंधीची वात वळली, चमचा पणतीत ओतला आणि म्हणाली, "लावा."

चहा पिऊन होईल इतका वेळ ती जळली. वास बोंबलांचा होता, पण कुणी नाक धरलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी दहीपोहे खाल्ले.

पुढे आतोबा कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर वॉचमन झाले, आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा पेपरात बातमी आली, शेवाळापासून इंधन करायचे कारखाने देशात काढायचं चाललंय. मी आत्याला वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती.

"परत वाच," ती म्हणाली. "जरा मोठ्यान."

आत्याचे कान अजून तिखट होते, आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.