फक्कीची घरं

फक्कीवाले साहेब आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांनासुद्धा भिंतीतून चालू देत नसत. भिंत म्हणजे मोकळ्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने मारलेली पांढरी रेघ, दुसरं काही नाही. पण अध्यक्ष ती ओलांडून आले की साहेब हात जोडून म्हणत, "भाऊ, भितीतून आले तुमी. दारातून या." आणि एरवी सगळ्या गावाला धाकात ठेवणारे अध्यक्ष मुकाट्याने मागे फिरत, दारासाठी रेघ जिथे मोकळी सोडलेली असे तिथून पुन्हा आत येत.

साहेब मूळचे मुकुटबनचे, हुद्दा ओव्हरसियरचा. मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायचो आणि माझ्या नकाशांचा मला भलताच अभिमान होता. साहेब नकाशा पाहत, "झकास" म्हणत, आणि मैदानावर जाऊन तेच घर खऱ्या मापात फक्कीने आखत. मग ज्यांना तिथे राहायचं त्यांनाच आत उभं करत. चूल कुठे मांडाल, बाज कुठे टाकाल, सगळं विचारत. काही चुकलं की बुटाने रेघ पुसून टाकत. "कागदावरची चूक खोडाले जीवावर येते," ते म्हणत, "फक्कीची चूक पायानं मोडते." माझी कलाकुसर अशी बुटाखाली जाताना पाहून मला राग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

साठ सालच्या आसपास नाल्याकाठच्या झोपड्यांतल्या लोकांसाठी घरं मंजूर झाली. आलेल्या पैशांत घरं बसत होती, पण पाण्याची टाकी आणि शाळेची खोली बसत नव्हती. "आधी घरं होऊ द्या, पाण्याचं पुढं पाहू," अध्यक्ष म्हणाले. 'पुढं पाहू' हे शब्द ऐकले की साहेबांचं तोंड कडू व्हायचं. "माह्या गावात बी असंच पुढं पाहून राह्यले," ते मला म्हणाले, "नळ अजून आला नाही."

वस्तीतली निम्मी कुटुंबं छप्पन सालच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेली, निम्मी कापसाच्या जिनात हमाली करणाऱ्या हिंदूंची. फक्कीची घरं पाहायला सगळेच आले. त्यांत यशोदाबाई होती, बांधकामावर विटा वाहणारी बौद्ध बाई. ती आपल्या घरात उभी राहिली, शेजारच्या घराकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "साहेब, माही भित इथं सरते, अन् हातभरावर गोदाबाईची सुरू होते. दोन भिती कायले? एक पुरते. वाचल्या इटायची टाकी बांधा." मग म्हणाली, "विहिरीवर लोकायनं मांगं सरकवलं, ते लय झालं आता. मले ओसरी नको, नळ पाह्यजे."

साहेबांनी दोन्ही रेघा बुटाने पुसल्या आणि मधोमध एकच मारली. मी कचेरीत जाऊन तशा सगळ्या रांगेचा हिशेब मांडला. टाकी बसत होती, शाळेची खोलीही बसत होती. त्या बुटाबद्दलचा माझा राग त्या दिवशी पार गेला.

बदलाला मंजुरी द्यायला यवतमाळहून मोठे साहेब आले. मैदानावरच अध्यक्षांनी शंका काढली, "एका भिंतीला अलीकडे हे अन् पलीकडे ते राहतील? उद्या भांडणं झाली तर?" मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. लोकांची तयारी दिसल्याशिवाय सही होणार नाही, म्हणाले. म्हणजे पुन्हा जुनाच नकाशा, आणि घरं बिनपाण्याची.

तेवढ्यात हमालाची बायको गोदाबाई झोपडीकडे गेली. परत आली ती नवऱ्याच्या डोक्यावर जातं देऊन. दोघं बरोबर दारातून आत आली, आणि तिने जातं त्या रेघेला लागून मांडलं. "माहं जातं इथं राहीन."

"पहाटे दळलं की आवाज पलीकडे जाईल," मोठे साहेब म्हणाले.

रेघेपलीकडून यशोदाबाई म्हणाली, "जाऊ द्या ना. मी बी तवाच दळीन."

आधी हसले ते अध्यक्षच. मोठ्या साहेबांनी टोपण काढलं आणि त्याच जात्यावर कागद ठेवून सही केली.

घरं झाली, शाळेची खोली झाली, टाकी झाली. नळाला पाणी आलं त्या दिवशी सगळी वस्ती घागरी घेऊन उभी होती. गोदाबाईने रांग अडवली. "टाकी यशोदीच्या डोक्यातून निघाली. पयली घागर तिची." यशोदाबाईने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि मान ताठ ठेवून सगळ्यांसमोरून घरी गेली. साहेब रडत होते. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

पुढच्या वर्षी साहेबांची पांढरकवड्याला बदली झाली. निघायच्या दिवशी वस्तीतल्या लोकांनी त्यांना शाळेसमोर नेलं. तिथे रांगेतल्या शेवटच्या घराच्या भिंतीला लागून जमिनीवर फक्कीने एक घर आखलेलं होतं. "साहेब, हे तुमचं घर," यशोदाबाई म्हणाली. "आमच्या भितीले भित लावून."

मी नकाशेवाला, माझी नजर आधी चुकीवरच गेली. एक कोपरा चांगलाच तिरका आला होता. साहेबांच्याही ते लक्षात आलंच असणार. मी त्यांच्या बुटाकडे पाहत राहिलो.

साहेब रेघेच्या कडेकडेने दारापर्यंत चालत गेले. तिथे त्यांनी बूट काढून ठेवले आणि अनवाणी आत गेले.