गॅस-कटरनं झालेली वाटणी

कवडू उमाठेची उंची पाच फूट एक इंच. पण पारडीच्या पुढे, भंडारा रोडवरच्या त्याच्या आवारात ज्यानं ज्यानं त्याच्याशी वाद घातला, त्या सगळ्यांच्या आठवणीत तो सहा फुटांचा आहे. आपण खाली पडलेलो असलो की वरचा माणूस उंचच दिसतो.

धंदा ट्रकच्या केबिनी बांधायचा. जुन्या काळी कंपनीतून ट्रक यायचा तो नुसता सांगाडा: चाकं, इंजिन, स्टिअरिंग. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छप्पर ज्यानं त्यानं आपापल्या सुताराकडून बांधून घ्यायचं. कवडूचा बाप लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर होता. त्यामुळे सागवानाची पारख पोराला घरबसल्या मिळाली, आणि पारख चुकली तर मारही घरबसल्या.

त्याची लाडकी गाडी म्हणजे चपट्या तोंडाची. हिला पुढे नाक नसतं. इंजिन केबिनीतच, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे, लोखंडी पेटीखाली. उन्हाळ्यात त्या पेटीवर भाकरी शेकावी. टक्कर झाली तर आधी ड्रायव्हरचे गुडघे पोचतात, मग गाडी. असल्या गाड्या भंगारात गेल्या, आणि भंगारात गेल्या म्हणूनच शौकिनांना हव्याशा वाटायला लागल्या.

अशीच ब्याऐंशी सालची एक गाडी कवडूनं मधुकररावांसोबत भागीत घेतली होती. मधुकरराव सहा फुटी, इंजिनातले कारागीर. केबिन कवडूनं बांधली, इंजिन मधुकररावांनी उभं केलं आणि आळीपाळीनं दोघंही ती चालवायचे. पुढे तिचे दोन तुकडे झाले. केबिन कवडूच्या आवारात, बाकीचं धड मधुकररावांच्या गॅरेजात. ही वाटणी कवडूनं एकट्यानं केली, गॅस-कटरनं. चार बोल्ट खोलले असते तरी केबिन निघाली असती. पण बोल्ट खोलण्यात राग निघत नाही.

रागाचं कारण असं. जानेवारी २००७, पहाट, दाट धुकं. सरकी भरून हिंगणघाटहून येताना बुटीबोरीच्या पलीकडे गाडीनं सायकलवरच्या एका दूधवाल्याला उडवलं आणि निंबाच्या झाडावर जाऊन आदळली. दूधवाला मेला. गावातली माणसं धावत आली. मधुकरराव पळाले, कवडू सापडला. पाच जणांनी त्याला काठ्यांनी, दगडांनी आणि एका सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, मारलं. तीन बरगड्या गेल्या, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली आणि डोक्याच्या हाडात वाटीएवढा खड्डा पडला. त्या खड्ड्यात ती अख्खी पहाट गेली. कवडूला जांबच्या टपरीवरचा चहा आठवतो, त्यानंतर एकदम मेडिकल हॉस्पिटलच्या वॉर्डातला पंखा. मधलं सगळं कोरं.

म्हणजे गाडी कोण चालवत होतं, हे कवडूला माहीत नव्हतं. मधुकररावांनी पोलिसांना सांगितलं, कवडू. कोर्टात साक्षीदारांचं एकमेकांशी जुळलं नाही आणि संशयाचा फायदा देऊन कवडूला सोडलं. मग कवडूनंही तो फायदा स्वतःला दिला आणि उरलेला संशय मधुकररावांच्या अंगावर काढला.

पहिल्यांदा, केबिन कापायला गेला त्याच दिवशी. जॅक फिरवायची लोखंडी टॉमी मधुकररावांच्या गुडघ्यावर बसली. तो पाय आजही सरळ होत नाही. दुसऱ्यांदा प्रताप नगरच्या मंगल कार्यालयात, मधुकररावांच्या मुलीच्या, मिनलच्या लग्नात. कवडूला बोलावणं नव्हतं, तरी तो पंगतीपर्यंत पोचला. मधुकररावांचे पुढचे दोन दात बुंदीच्या परातीत पडले आणि वऱ्हाडी मंडळींनी त्या दिवशी बुंदी खाल्ली नाही. तिसऱ्यांदा पेट्रोल पंपावर, पान्यानं. डावा कान गेला. दर वेळी मधुकरराव पोलिसांना एकच सांगायचे, "पडलो." एवढा पडणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नव्हता.

सुटल्यावर कवडू त्या गावातही जाऊन आला होता. दूधवाल्याचं नाव भैय्याजी, त्याच्या बायकोचं रंभाबाई. तिच्या पोरीच्या, भूमिकाच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, "बाई, मी नव्हतो. तो लंबू होता." रंभाबाईनं विश्वास ठेवला आणि पुढे दर हंगामात त्याच्यासाठी पायलीभर तुरी काढून ठेवू लागली. शपथ तर कवडूनं इतकी दणक्यात घेतली, की परतीच्या एसटीत त्याचाही त्या शपथेवर विश्वास बसला.

गेल्या दिवाळीनंतर रोहित आला. गांधीबागेतल्या ठोक कापडवाल्यांचा मुलगा, तिशीचा. साड्यांत जीव रमेना म्हणून ट्रकांत रमवत होता. मधुकररावांकडचं धड त्यानं आधीच विकत घेतलं होतं. आता मुंडकं हवं होतं, आणि दोन्ही जोडायला दोन्ही कारागीर.

"काकाजी," तो मोबाइल पुढे करून म्हणाला, "पाहा ना, बाहेरच्या देशात असली गाडी चमकवून उभी केली की शंभर माणसं गोळा होतात."

"इथंबी होतात," कवडू म्हणाला. "मंग जाळतात."

पण तो तयार झाला, आणि लवकर झाला. मधुकरराव रोज हाताच्या अंतरावर मिळणार होते.

मधुकरराव यायचे होते त्या दिवशी सकाळी कवडूची बायको प्रयागबाई दारात उभी राहिली. "आज हात उचलला तं जेवाले नाई भेटनार, सांगून ठेवते."

"मंग उपाशी राहीन वं," कवडू म्हणाला आणि उपाशी राहिला. क्रेननं सांगाडा खाली ठेवला, मधुकरराव लंगडत पुढे आले, तोंड उघडलं, तेवढ्यात कवडूची मूठ आली. रोहित मधे पडला. कवडूचं कोपर त्याच्या नाकावर बसलं आणि पांढरा शर्ट छातीपर्यंत लाल झाला. शौक महाग असतो असं त्याचे वडील सांगायचे, ते त्याला तेव्हा पटलं.

नाकात कापूस कोंबून रोहितनं आवारात चुन्याची रेघ मारली. इंजिन त्या बाजूला, केबिन या बाजूला, आणि जोडायचा दिवस येईपर्यंत रेघ कोणी ओलांडायची नाही. तीन आठवडे तसं चाललं. मधुकरराव पलीकडे नोझल साफ करत बसायचे. कवडू इकडे पत्रा ठोकायचा, आणि रेघेपलीकडे पाहत ठोकायचा.

केबिनीचं बाहेरचं काम झालं, आतलं राहिलं. आत भंगार होतं. केबिन कापून आणली त्याच दिवशी कवडूनं ती भरायला घेतली होती: मडगार्ड, कमानीचे पाटे, फुटके हेडलाइट, पार खिडकीच्या काठापर्यंत. अठरा वर्षांत ती एकदाही उपसली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचा, "जागा नाई ना बे." आवार चांगलं अर्ध्या एकराचं होतं.

"काकाजी, दोन माणसं देऊ का उपसाले?" रोहितनं विचारलं.

"खबरदार कोणी हात लावला तं."

दोन दिवस तो एकटाच उपसत होता. काढत नव्हता, फेकत होता. एक पाटा रेघेपलीकडे मधुकररावांच्या पायाशी जाऊन आपटला, ते नुसते बाजूला सरकले. तिसऱ्या दिवशी दुपारी भंगाराखालून ड्रायव्हरची सीट निघाली.

ही सीट कवडूच्या हातची. एक फुटाचा फरक असलेल्या दोन माणसांना एकच गाडी चालवायची, म्हणून त्यानं सीटच्या पेटीला दोन खाचा पाडल्या होत्या, एक वर आणि एक खाली. बसायची फळी ज्यानं त्यानं आपल्या खाचेत सरकवायची. फळी वर असली की मधुकररावांचे गुडघे स्टिअरिंगमध्ये अडकायचे. खाली असली की कवडूला काचेतून नुसतं आभाळ दिसायचं. निंबावर आदळल्यावर पेटी तिरपी दबली होती आणि फळी जिथं होती तिथंच चिमटली होती.

वरच्या खाचेत.

कवडूनं आधी हातानं ओढून पाहिली. मग हातोडा घेतला. पहिला घाव खालून, दुसरा बाजूनं. फळी निघाली असती तर त्यानं ती खालच्या खाचेत घातली असती आणि वर पुन्हा भंगार भरलं असतं, एवढं त्याच्या मनात स्वच्छ होतं. तो घावावर घाव घालत सुटला. वाकड्या बोटांची कातडी फाटली, हातोड्याचा दांडा रक्तानं निसटायला लागला. पत्रा फाटला, खिळे उडाले, फळी हलली नाही. सागवान अस्सल होतं आणि सांधा त्यानंच बसवला होता.

"नाई निघत थे," आवाज आला. मधुकरराव रेघ ओलांडून केबिनीच्या दारात उभे होते. "ठाण्यात गाडी उभी होती ना, तवा मीबी ओढून पाह्यली होती."

कवडू वळला. हातोडा वरच होता. मधुकरराव मागे सरकले नाहीत. दुखरा पाय उचलून आत आले आणि क्लीनरच्या बाजूला बसले.

"मार. पन या बारीले माह्यं बोलनं पुरं होऊ दे. पयल्या बारीले 'गाडी तू' एवढं म्हटलं, तं गुडघा गेला. लग्नात 'गाडी तू चाल' पावतर पोचलो, तं दात गेले. पंपावर वाटलं आता होते पुरं, तं कानच गेला."

"बोल."

"गाडी तू चालवून राह्यला होता, कवडू. मी मांगं झोपलो होतो."

कवडूनं हातोडा हाणला. मधुकररावांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर दाराची चौकट चिरली. मधुकररावांनी डोळे मिटले, मग एक उघडून पाहिला.

"बोल म्हटलं ना बे!"

"दनका बसला तं मी झोपेतून खाली पडलो. दोघंबी उतरलो. मी म्हटलं, पय. ड्रायव्हर मानसानं आधी पयाचं, मंग पाह्याचं. तू नाई पयाला. त्या भैय्याजीची मान मांडीवर घेऊन बसला तू. दूध सांडलं होतं, त्याच्यात रक्त चाललं होतं. लोकं आले तरी तू त्याचं डोकं सोडून नाई राह्यला. म्हनून तं गावला."

"आन् तू?"

"मी पऱ्हाटीत, कपाशीच्या आड. धा पावलावर. मले सगळं दिसत होतं. पयला घाव काठीचा, पाठीत. मंग दगडं. मंग तो सब्बलवाला आला. कवटीचा आवाज ऐकू आला मले, सुपारी फोडल्यावानी. मी मोजत होतो. एकोनचाळीस पावतर मोजलं. तेवढंच केलं मी."

बाहेर रोहित रेघेवर उभा होता. नाक दोन्ही हातांनी झाकून.

"मंग तीन बार मार काहून खाल्ला बे? ठाण्यात 'पडलो' काहून म्हटलं?"

"चालवली तू," मधुकरराव म्हणाले. "पन पयालो तं मी ना."

कवडू हातोडा खाली ठेवायला निघाला. कुठं ठेवावा हे कळायला त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो रंभाबाईच्या गावी गेला. मधुकरराव सोबत येतो म्हणाले, त्यांना त्यानं शिवी दिली. प्रयागबाईनं कुठं चालले विचारलं, तोवर तो फाटकाबाहेर होता.

रंभाबाई अंगणात तुरी झोडत होती. तुराट्यांचा ढीग पुढ्यात, हातात बाभळीचा दांडा. कवडूला पाहून तिनं पदर सावरला.

"या जी, कवडूभाऊ. चहा मांडते. यंदा तुरी बऱ्या झाल्या, तुमची पायली बाजूले काढून ठेवली पाहा."

"बाई, गाडी मी चालवून राह्यलो होतो."

"काय?"

"त्या दिवशी. मी होतो."

ती हसली. "डोक्याले लागलं होतं ना भाऊ तुमच्या. होते कधी कधी असं."

कवडूनं तिला भैय्याजीचं डोकं आपल्या मांडीवर होतं ते सांगितलं, फळीचं सांगितलं, खाचेचं सांगितलं. फळी-खाचेचं तिला काही कळलं नाही. ती ऐकत होती, पण नजर घराच्या दाराकडे होती. तिथं भूमिका उभी होती, आता पंचविशीची, कडेवर लेकरू.

"इच्या डोक्यावर हात ठेवला होता तुमी," रंभाबाई म्हणाली.

"हो."

पहिला दांडा खांद्यावर बसला. दुसरा कानावर. तिसऱ्याला कवडू गुडघ्यांवर आला. त्याची मूठ सवयीनं वळली, तशी त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. रंभाबाई जात्यावर दळावं तशी एका लयीत मारत होती. कपाळ फुटलं, एका डोळ्यात रक्त उतरलं. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. त्यांच्यात त्या पहाटेचं कोणी असेल, तरी कवडूला ओळखता आलं नसतं. भूमिका ओरडली, "माय, मरन ना तो!" तरी दोन बसलेच.

मग ती थकली. दांड्यावर भार देऊन उभी राहिली. श्वास पुरत नव्हता.

"मांडीवर होते म्हनतं तुह्या. जाता जाता काई बोलले का थे?"

कवडूनं वर पाहिलं. उत्तर सोपं होतं. तुमचं नाव घेतलं म्हटलं असतं तर मार तिथंच थांबला असता, कदाचित बाई रडली असती, चहासुद्धा झाला असता. आणि खोटं बोलायची तर त्याला या अंगणात सवय होती.

"मले काईच आठवत नाई, बाई," तो म्हणाला. "जवळ मीच होतो. पन नाई आठवत."

रंभाबाईनं दांडा पुन्हा दोन्ही हातांत धरला. कवडूनं हात बाहेर काढले नाहीत.