बेटावरचा खासदार आणि गुळाची काहील

कर्जतच्या एका सलूनमध्ये मी एकदाच दाढी केली. न्हाव्यानं गालांना फेस लावला, वस्तरा उचलला आणि तो तसाच थांबला. आरशाला टेकवलेल्या त्याच्या मोबाईलवर लोकसभा चालू होती. कुठल्याशा बेटावरचा खासदार सांगत होता की बोट वेळेवर येत नाही, मग आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं कसं?

न्हावी मान खाली घालून ऐकत राहिला. माझा फेस वाळला, पण मला न्हाव्याचंच नवल वाटत होतं.

"हे खासदार ओळखीचे आहेत का?" मी विचारलं.

"न्हाई. ते बेट कुठंय तेबी ठावं न्हाई. पन धरण भरलं की आमच्या वस्तीला चारी अंगानं पानी. पोरीला बाळंतपनाला गूळ कढवायच्या भल्या मोठ्या काहिलीत बसवून न्हेलं. मी कडी धरून पोहत हुतो."

"मग आपल्या खासदारांना सांगा की."

मोबाईलवर वेळ संपल्याची घंटा वाजली. बेटावरचा खासदार खाली बसला. न्हाव्यानं माझ्या गालांवर पुन्हा पाणी मारलं.

"त्यांला पार काहिलीपास्नं समजवावं लागंल," तो म्हणाला. "ह्या बेटवाल्यांलाच चिठ्ठी धाडली तर चालंल का?"