शेवेच्या डब्याचं झाकण

नात चौथीत आहे. शाळेत चार-चार मुलांच्या टोळ्या करून फोनवर पाच मिनिटांचा सिनेमा बनवायला सांगितला, आणि तिची टोळी रविवारी भरदुपारी आमच्याकडे येऊन थडकली. आमचं घर बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. जुनं, काळोखी, ओल धरलेलं. मुलांच्या मते भुताच्या सिनेमाला याहून चांगली जागा अख्ख्या इंदूरात नव्हती. मुलगा-सून सामान आणायला गेले होते, म्हणजे रान मोकळंच.

"आजी, तू इथे बस. अॅक्टिंग नको करू," डायरेक्टर नातीने हुकूम सोडला.

"दादीजी, बस थोड़ा डरना है," तिची मैत्रीण म्हणाली.

"अगं बेटा, माझी भीती लग्नाच्या पहिल्या वर्षातच संपली. आता कुठून आणू?"

पण म्हणतील तशी डोळे वटारून बसले. नात म्हणाली, "आजी, हे तर रागावल्यासारखं दिसतंय."

मग फोन धरणाऱ्या मुलाने सगळ्यांना गप्प केलं. खोलीचा आवाज घ्यायचा होता म्हणे. बाईंनी शिकवलं होतं की प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती घेऊन ठेवायची आणि मग बोलण्याच्या खाली अंथरायची. पंखा बंद केला. टीव्ही बंदच होता. चार मुलं आणि एक म्हातारी श्वास रोखून बसलो. आमच्या घरात इतकी शांतता कधी नसतेच. मिक्सर, टीव्ही, फोन, काही ना काही चालूच.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. टण्ण.

मुलं किंचाळली, आनंदाने. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शेवेच्या डब्याचं झाकण. आणि स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

"दादीजी, अभी जैसा मुँह बनाया ना, वैसा ही चाहिए था!"

आता त्या ओळखीची गोष्ट सांगायलाच हवी. मुलांनाही मी ती तेव्हाच सांगितली.

साताऱ्याकडची मी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे. शाळेत वक्तृत्वात बक्षीस मिळवलेलं, विषय काय, तर 'भुतं नसतात'. टेबलावर मूठ आपटून बोलले होते म्हणे. अशी ती विदुषी पहिल्याच आठवड्यात दुपारी ओसरीवर गहू निवडत बसली होती. सासूबाई आत झोपलेल्या, आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून टण्ण. दुसऱ्या दिवशी पुन्हा टण्ण. विदुषीचं पाणी पाणी झालं. कोणाला न सांगता तिने स्वयंपाकघराच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. संध्याकाळी बघते तर मिरच्या तशाच, लिंबू गायब! नवीन बांधलं. तेही गेलं. लिंबाला न भिणारं, उलट लिंबू खाणारं भूत! माहेरी पत्र लिहायला बसले होते, मला न्यायला या म्हणून.

मग एक दिवस पोळपाट उगारून आत शिरले. बघते तर आमचे हे. मिलमध्ये कारकून होते, दुपारच्या सुट्टीत मागच्या दाराने यायचे. पित्तापायी सासूबाईंनी त्यांची शेव बंद केली होती, म्हणून पाहुण्यांच्या डब्यात चोरून हात घालायचे. एका हातात लौंगची, म्हणजे लवंगेची शेव, दुसऱ्या हातात माझं लिंबू.

"अगं, हे तू बांधतेस होय? मला वाटलं आई सोयीसाठी टांगून ठेवते. रोज पिळतो मी शेवेवर."

इंदूरच्या माणसाला लिंबू दिसलं की तो पिळणारच, मग ते भुतासाठी का असेना. मी पोळपाट खाली ठेवला आणि वक्तृत्वाचं बक्षीसही तिथेच ठेवलं.

मुलं हसून लोळली. नात हसली नाही. तिने हळूच विचारलं, "म्हणजे आत्ता आजोबा होते?"

हे जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. फोन समोर धरला की उठून जायचे, त्यामुळे त्यांचा आवाज कुठेच भरून ठेवलेला नाही. डबा मात्र मी भरते. माझ्या दातांना शेव चाववत नाही, सून विचारते, "आई, खातं कोण हे?" मी म्हणते, पाहुणे.

नातीने फोन माझ्या कानाशी धरला. दूर कुठे रिक्षा, एक कबूतर, माझाच श्वास, आणि टण्ण. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मुलं कंटाळून बाहेर पळाली तरी मी ऐकतच होते.

जाताना टोळीने ठरवलं, भूत पकडायचं. पुढच्या रविवारी त्याच वेळेला फोन डब्यासमोर ठेवायचा, आणि जे दिसेल तो सिनेमाचा शेवट.

तो आठवडा मला जड गेला. मला आवाज हवा होता, त्याचं कारण नको होतं. दुपारी घरात एकटी असले की टीव्ही बंद करून बसायचे. एकदा टण्ण झालं. मी उठून आत गेले नाही. 'अहो' म्हणून हाक तोंडातून निसटली आणि माझाच आवाज मला परका वाटला. शनिवारी डबा उचलून कपाटात कोंडून ठेवावा असंही मनात आलं. डब्यापर्यंत जाऊन परत फिरले. पोरांचा सिनेमा मोडण्याइतकी दुष्ट मी अजून झालेली नाही.

रविवारी माठाला टेकवून फोन ठेवला. आम्ही पुढच्या खोलीत दार लावून बसलो. बराच वेळ काही नाही. मग टण्ण. मुलं धावली. मी सावकाश गेले, गुडघ्यांचं निमित्त करून.

फोनमध्ये फळी दिसत होती, फळीवर डबा. खिडकीतलं ऊन सरकत सरकत झाकणावर आलं. पत्रा तापला, फुगला, आणि झाकण जागच्या जागी उडी मारल्यासारखं उचकलं.

"अरे भिया, ये तो धूप है!" मैत्रीण वैतागली. "पूरी फिलम का सत्यानाश!"

नात मात्र माझ्याकडे बघत होती. "आजी, शेवट काय ठेवू? ऊन काढून टाकू शकते मी. नुसता आवाज ठेवते. कोणाला कळणार नाही."

नऊ वर्षांची पोर माझ्यासाठी भूत राखून ठेवायला निघाली होती.

"ऊन दाखव," मी म्हटलं. "खरं तेच दाखव."

वर्गात खूप टाळ्या पडल्या म्हणे. बाई म्हणाल्या, मुलांनी अंधश्रद्धा दूर केली. साताऱ्याची ती मूठ आपटणारी मुलगी तिथे असती तर ऊर भरून आला असता तिचा.

मी त्याच संध्याकाळी डबा उचलून आतल्या कोपऱ्यात ठेवला, जिथे वर्षभर ऊन येत नाही. आता दुपारी टीव्ही बंद करून बसते. अजून वाजला नाही.

स्वयंपाकघराच्या दाराला लिंबूही बांधलंय. सून म्हणते, "आई, आपल्याला कोणाची दृष्ट लागायचीय?" मी म्हणते, असू दे गं. आठवड्यात ते वाळून कडक होतं. मग मी नवीन बांधते, चांगलं रसाचं बघून.