मामांच्या मशीनवर रूटचं नाव

तर काल सांगता सांगता भाची मशीनपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि गोष्ट तिथेच थांबली. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात ती दुरुस्तीचं काम करायची, आणि तिचे सख्खे मामा तिथलंच एक मशीन चालवायचे. सकाळपासून काम ठप्प. घासायचं चाक ठणठणीत होतं, पण त्याला हुकूम देणारा शेजारचा लिनक्सवाला कॉम्प्युटर काही केल्या प्रोग्रॅम उघडेना.

सुपरवायझर म्हणाले, "दुपारी कंपनीचा माणूस येतोय. सगळं पुसून नव्याने भरेल."

पुसणार म्हटल्यावर मामांचा चेहरा उतरला. जाड नंबराची काच कडेला तडकू नये म्हणून चाक किती हळू फिरवायचं, पाणी किती सोडायचं, हे त्यांनी काचा फोडून फोडून शिकून त्या कॉम्प्युटरात बसवलं होतं. त्याची दुसरी प्रत नव्हती. ते गेलं की मामा पुन्हा बिगरीत.

भाची जात्याच चौकस. घरातलं घड्याळ बंद पडलं तर भावंडं चावी पिळत बसायची, ही आधी विचारायची, शेवटचा हात कोणाचा लागला होता.

"मामा, काल संध्याकाळी चाललं होतं ना?"

"लोण्यासारखं."

"मग मध्ये कोण येऊन गेलं?"

"भूत," सुपरवायझर म्हणाले. "अगं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड आहे ना तुझ्याकडे? रूट होऊन आत शीर, सगळी दारं सताड उघड, मिटलं."

रूट म्हणजे त्या कॉम्प्युटरचा सर्वाधिकारी, त्याला कुठलंच दार बंद नाही. भाची रूट झाली खरी, पण दारं उघडायचं सोडून कोणत्या फाइलवर कोणाचं नाव आहे ते वाचत बसली. सुपरवायझरांचा जीव वरखाली. सगळ्या फाइली मामांच्या नावावर, फक्त प्रोग्रॅम रोजच्या नोंदी लिहितो ती कालच नव्याने सुरू झालेली फाइल रूटच्या नावावर.

"मामा, काल तुम्ही कोण होऊन बसला होतात?"

"मी? मी माझाच."

"आणि ही फाइल?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "मशीनचं घड्याळ मागे पडलं होतं. ते लावायला या साहेबांनीच पासवर्ड दिला. वेळ लावली, आणि म्हटलं, बसलोच आहोत मोठ्या खुर्चीत, तर तिथूनच घासू चार काचा."

"मामी म्हणते ते खोटं नाही. तुम्हाला खुर्ची मिळाली की उठवत नाही."

मामांनी रूट होऊन प्रोग्रॅम चालवला, म्हणून त्याने काढलेली नोंदींची नवी फाइल रूटची झाली होती. आज मामा आपल्या नावाने आले, तर प्रोग्रॅमला त्या फाइलीत लिहायची मुभाच नाही, म्हणून तो उघडताक्षणी मिटत होता.

भाचीची एक खोड होती. रूट असताना हुकूम लिहिला की हात मांडीवर ठेवायचा, मोठ्याने वाचायचा, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावल्यावरच एंटर दाबायचं. "ही एकच फाइल, मामांच्या नावावर," तिने वाचलं. मामांनी मान डोलावली. एंटर दाबून ती लगेच रूटमधून बाहेर पडली, आणि मामांनी स्वतःच्या नावाने प्रोग्रॅम उघडला. सगळी मापं जागच्या जागी. पहिलीच जाड काच घासून निघाली, कडेला ओरखडासुद्धा नाही.

सुपरवायझरांना मात्र राहवेना. "एवढी सत्ता हातात होती, सगळंच खुलं करून टाकायचंस. पुन्हा अडलं तर?"

"अडू दे की, साहेब. अडलं म्हणून तर कळलं काल कोण बसलं होतं. सगळं खुलं ठेवलं, तर उद्या कोणीही येऊन चुकून मामांची मापं पुसेल, आणि मशीन हूं की चूं करणार नाही."