नीलिमा आणि फ्लॉपीवरची काळी पट्टी

नीलिमा गेली. आज सकाळी.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघी डोंबिवलीहून ठाण्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला जायचो. प्रोजेक्ट दोघींचा एकच, लायब्ररीतली पुस्तकं शोधून देणारा प्रोग्राम.

ती आधी एकदा नापास झालेली. बाबांनी बजावलेलं, "या टायमाला पास नाय झालीस त शिकाचा बंद. लगीन लावाचा."
मुलगा बघूनही ठेवलेला.

परीक्षेला बाहेरचे सर आले. आम्ही प्रोग्रामची फ्लॉपी मशीनमध्ये टाकली.
स्क्रीनवर आलं, मेमरी कमी आहे.
आदल्या दिवशी त्याच मशीनवर मस्त चाललेला!
मशीन बंद करून चालू केलं. शेजारचं घेतलं. तेच.

"चालत नाही त्याला मार्क कसे देऊ?" सर म्हणाले आणि बॅग उचलून निघाले.

मी रडायला लागले. नीलिमाचे ओठ पांढरे पडलेले.
"मी घरी जाणारच नाही गं. कुठे जाऊ, सांग."

काहीतरी करायचं म्हणून तिने प्रोग्राममधली एक ओळ बदलली आणि सेव्ह केलं. तेव्हा कुठे मशीनने खरं सांगितलं. राइट प्रोटेक्ट.

फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची. ती झाकली की फ्लॉपीवर काही लिहिता यायचं नाही. व्हायरसच्या भीतीने लॅबवाल्यांनी त्या दिवशी सगळ्यांच्या खाचांवर काळी पट्टी चिकटवलेली. आमचा प्रोग्राम सुरू होताना फ्लॉपीवर एक छोटी फाइल लिहायचा. आणि काहीही बिनसलं तरी मेमरीच्याच नावाने बोंब मारायचा.

तिने नखांनी पट्टी ओरबाडून काढली, फ्लॉपी माझ्या हातात कोंबली आणि जिना उतरत सुटली.
सर रिक्षात बसलेले. ही रिक्षासमोर आडवी.

"ए बाई, मरायचंय का?" रिक्षावाला ओरडला.
"सर, चालतोय प्रोग्राम. वर चला. पाया पडते तुमच्या."

चालतोय की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. वर मी फ्लॉपी घालून नुसती बसलेले. एंटर दाबायची हिंमतच होईना.

ती सरांना घेऊन वर आली आणि तिनेच एंटर दाबलं. ड्राइव्ह घुरघुरला. स्क्रीन काळी. तिने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली.
मग पुस्तकांची नावं आली.

आम्ही पास झालो. लग्न टळलं. तिला ठाण्यातच, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. पुढे स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न केलं, आणि अक्षता टाकायला बाबा सगळ्यांत पुढे.

किडनीच्या आजाराने मात्र तिला सोडलं नाही. आम्ही काय काय केलं, काही म्हणता काही लागू पडलं नाही.

तुझी लेक बंगलोरहून निघालीय. ती येईपर्यंत मी बसलेय तुझ्याजवळ.
मग निघ, नीलिमा. माझा शेवटचा नमस्कार.