ठसेवाले मामा

समोरच्याचा हात हातात घेतला की मामा आधी बोटं उलटी करून बघत, चेहऱ्याकडे मागाहून. नगरच्या एका दंत रुग्णालयात ते शिपाई होते. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मॅडमच्या प्रबंधासाठी रुग्णांच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. फिटच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोणाच्या हिरड्या वाढतात, कोणाच्या नाही. कोणाच्या वाढतील हे बोटांच्या रेषांवरून आधी ओळखता येतं का, ते मॅडम तपासत होत्या. माझ्या हिरड्या रक्तदाबाच्या गोळीने वाढल्या होत्या, म्हणून मी त्या यादीत.

"सायेब, चक्रं चारच. राजयोग हुकला," माझी बोटं शाईवर फिरवत ते म्हणाले. "बोट सैल सोडा. तुमी दाबायचं न्हाई, मी दाबनार." नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते बोट एकदाच फिरवत. शेवटी ओल्या फडक्याने स्वतः शाई पुसत आणि प्रत्येकाला तेच विचारत, "गोळी चालू हाय ना?"

भिंगारची एक मुलगी तोंडावर ओढणी धरून आली होती. फिटची गोळी सोडली, म्हणाली. दात दिसेनासे झालेत. मामांनी फडकं खाली ठेवलं. "दातांचं मॅडम बघतील. गोळी बदलायची तर डाक्टर बदलतील. तू सोडायची न्हाई!" आवाज एवढा चढला की मॅडम आतून बाहेर आल्या. मुलगी रडू लागली. मामांनी माफी मागितली नाही. तिला आणि तिच्या आईला घेऊन ते फिटच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत चालत गेले.

त्याच दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी कारण सांगितलं. गावी, सोनईला, त्यांची मुलगी फिटची गोळी घेत होती. हिरड्या दातांवर चढल्या. पाहुणे बघायला येणार म्हणून मामांनीच गोळी बंद केली. पाटाच्या पाण्यात धुणं धुताना तिला फिट आली.

"गुडघाभर पानी हुतं, सायेब."

पुढे एकदा त्यांनी मॅडमना मोबाईलवर फोटो दाखवला. घराच्या ओट्याचं सिमेंट ओलं असताना मुलीने लहानपणी त्यात पंजा उमटवला होता. मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. "मामा, यात रेषा नाहीत."

"बोटं तर हायेत," मामा म्हणाले आणि मोबाईल खिशात ठेवला.

यंदा मामा गेले. मी मामींना भेटायला सोनईला गेलो. ओट्यावर नवी फरशी बसवली होती. एक कोपरा तेवढा सिमेंटचाच ठेवला होता. मामींनी मला त्याच्या कडेने आत घेतलं. पाणी दिल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडमला काय घावलं का?"

प्रबंध पूर्ण झाला होता. रेषांवरून ठाम काही सांगता येत नाही, एवढंच त्यात निघालं होतं. मी तसं सांगितलं.

"मग बरं," मामी म्हणाल्या. "रोज इचारायचे, आधी कळलं असतं का म्हनून. मी आपली सांगायचे, कुनालाच कळलं नसतं."